नीती : ईश्वराची आज्ञा की माणसाची जबाबदारी?

नीतिनियम ईश्वराने ठरविले, ते बदलत नाहीत, असे आम्हाला पिढ्यानपिढ्या सांगण्यात आले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा वाद कोर्टातही गेला. अस्पृश्यांना मनाई ही अनादी रूढी आहे, असा विरोधकांचा दावा होता. ती अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी दिला.

मग नीती वाऱ्यावर सोडायची काय? मुळीच नाही. धम्मात ईश्वराची जागा नीतीला आहे. माणसाने माणसाशी कसे वागावे, यावरच ती उभी आहे. गोंदिया जिल्ह्यातील आमच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक रूढीला विचारावे : हिने कोणाचे कल्याण होते?