‘घाबरू नका’ या शब्दांना आधार कशाचा?
संकटाची भाषा : लेखांक ७

कृष्णेचं पाणी चढू लागलं की सांगलीत दोन तऱ्हेची वाक्यं ऐकू येतात. एक प्रशासनाचं : नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये. दुसरं गल्लीतलं : आयर्विनला किती फूट झालं, कोयनेतून किती सोडलंय? पहिलं वाक्य धीर देतं आणि दुसरं भीतीतून येतं, असं वरवर वाटतं. माझं म्हणणं उलट आहे. माणूस सावरतो तो दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळाल्यावर. ते मिळालं नाही तर पहिलं वाक्य कितीही वेळा ऐकवलं तरी पोकळच राहतं. गेल्या आठवड्यात आपण इशाऱ्याची भाषा पाहिली. आज दिलाशाची पाहायची आहे, कारण सातारा-सांगलीच्या नदीकाठाला आणि डोंगरपट्ट्याला या दोन्हींची गरज अनेकदा एकाच रात्री पडते.

आपत्ती व्यवस्थापनाची आपली परिभाषा बरीचशी इंग्रजीतून आली. ‘डोन्ट पॅनिक’, ‘रिलीफ’, ‘कौन्सेलिंग’ हे शब्द आता तहसील कचेरीत रुळले आहेत. पण मन शांत करण्यासाठी इंग्रजीत जे जुने शब्द आहेत, त्यांच्या मुळाशी वेगळाच विचार सापडतो. ‘कम्फर्ट’ लॅटिनमधल्या बळकट या अर्थाच्या शब्दातून आला. त्याचा मूळ अर्थ बळ देणं, म्हणजे आपण ज्याला धीर देणं म्हणतो तेच. गाद्या-उशांचा आराम त्याला पुष्कळ नंतर चिकटला. ‘सूद’ या क्रियापदाचा प्रवास तर विचारात पाडणारा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता एखादी गोष्ट खरी असल्याचं दाखवून देणं. सोळाव्या शतकात तो झाला समोरच्याच्या होला हो म्हणणं, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस शांत करणं. खऱ्यापासून निघालेला शब्द गोड बोलण्याच्या वाटेने सांत्वनापर्यंत पोहोचला. संकटात सापडलेल्या माणसाला या वाटेवर उलट्या दिशेने न्यावं लागतं असं मला वाटतं, आणि त्याचा पुरावा कोयनेच्या खोऱ्यात आहे.

कोयना धरणात पाणी साठू लागलं ते १९६२च्या सुमारास, आणि लवकरच आसपासच्या गावांना धक्के जाणवू लागले. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असा तेव्हाचा शास्त्रीय समज होता. सप्टेंबर १९६७मध्ये एक जोराचा धक्का बसला, आणि ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सहापेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. जमीन तेव्हापासून पूर्ण शांत झालेली नाही. पाचपेक्षा मोठे धक्केच वीसहून अधिक झाले, लहानांची तर गणतीच नाही. तरी पाटण तालुका नांदतो आहे. धक्का बसला की थोड्याच वेळात बातमी येते : तीव्रता इतकी, केंद्रबिंदू धरणापासून इतके किलोमीटर, हेळवाकच्या अमुक दिशेला, धरण सुरक्षित. शेवटच्या दोन शब्दांवर विश्वास बसतो, कारण त्यांच्या आधी तपासता येण्याजोगे आकडे असतात. नुसतं ‘धरण सुरक्षित’ म्हटलं असतं, तर चौकात लगेच कुजबुज सुरू झाली असती. भूगर्भात काय चाललंय हे समजून घेण्यासाठी याच पट्ट्यात सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेतलं गेलं, आणि कराडजवळ त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. त्याने भूकंप थांबत नाही, उद्याचा धक्का आज सांगताही येत नाही. पण आपल्या पायाखालच्या जमिनीकडे कुणीतरी सतत लक्ष ठेवून आहे, हे कळणं हाही धीरच आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सांगलीच्याच अनुभवातून येतो. आकड्यांनीही माणसं फसतात. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५वर धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, आणि तीच खूण लोकांच्या मनात घर करून बसली. २०१९च्या ऑगस्टमध्ये अनेक घरांतून निघायला उशीर झाला तो याच हिशेबाने : त्या वर्षी उंबऱ्याला लागलं होतं, यंदाही तिथेच थांबेल. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचे जीव गेले. हा आक्षेप खरा आहे. पण तो जुन्या आकड्याला लागू पडतो. लोकांनी चौदा वर्षांपूर्वीची खूण धरून ठेवली, कारण उद्या सकाळी आपल्या गल्लीत पाणी कुठवर येईल हे त्यांच्या भाषेत, त्यांच्या दारात येऊन पुरेसं आधी सांगितलं गेलं नाही. क्युसेकमधला विसर्ग कळूनही आपल्या घराची कितवी पायरी बुडणार हे कळत नसेल, तर हातात धरायला जुनी खूणच उरते.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांच्या बाजूचा : खरं सांगितलं तर लोक बिथरतील, रस्ते तुंबतील. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारांटेली यांनी अनेक दशकं आपत्तीतल्या माणसांच्या वागण्याचा अभ्यास केला. सिनेमात दिसते तशी बेभान पळापळ प्रत्यक्षात फार क्वचित होते, असं त्यांनी दाखवून दिलं. माणसं आधी घरच्यांना शोधतात, मग शेजाऱ्याला हात देतात. सांगलीच्या पुरातही तेच दिसलं. लोक बिथरतील या भीतीने माहिती दाबली, की तिची जागा अफवा घेते, आणि मग अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगायची वेळ येते.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करूनच पुढे जावं लागतं. जिचं माणूस गेलं तिला आकडे काय करायचे? पाटणच्याच डोंगरात जुलै २०२१मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. तिथल्या घरांना फुटांचा आणि मिलिमीटरचा हिशेब सांगणं क्रूरपणाच ठरला असता. पण दुःखाच्या घरी आपली गावं काय करतात ते पाहा. त्या घरात चूल पेटत नाही, भावकीतून आणि शेजारून भाकरी येते. सावडायला माणसं जमतात, फारसं कुणी बोलत नाही. बोललंच तर एखादी जाणती बाई म्हणते, ‘पोरांकडं बघ आता.’ यात दुःख कमी झाल्याचा दावा नाही. समोर उरलेलं एक खरं काम तेवढं दाखवलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिच्यातला सल्लाही फार निराळा नाही : बघा, ऐका, माणसाला मदतीशी आणि आप्तांशी जोडून द्या, खोटी आश्वासनं देऊ नका, बोलण्याची जबरदस्ती करू नका. निवारा केंद्रात पहिल्याच दिवशी वही-पेन घेऊन ‘तुम्हाला कसं वाटतंय’ विचारणाऱ्या शिबिरांनी हा शेवटचा मुद्दा वाचायलाच हवा.

म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक नदीकाठच्या ग्रामपंचायतीने रिक्षावरच्या भोंग्यासाठी आपला मजकूर लिहून ठेवावा. पाणी आता किती फूट, रात्री बारापर्यंत कुठल्या देवळाच्या, कुठल्या दुकानाच्या पायरीला लागेल, जनावरं कुठे न्यायची, कुठली शाळा उघडी आहे, बोट कुठल्या धक्क्याला येईल, आजारी माणसासाठी कुणाला हाक मारायची. अंदाज चुकू शकतो हेही त्यातच सांगावं, आणि पुढची खबर किती वाजता मिळेल तेही. या मजकुरात ‘घाबरू नका’ हे शब्द खुशाल घालावेत, फक्त सगळ्यात शेवटी.