दातातला खडा

जेवताना भातातला खडा दाताखाली आला की आपण स्वयंपाक करणाऱ्याला बोल लावतो. पण खडा दाताच्या आतच असला तर? मूतखडा, पित्ताशयातील खडा ही नावे आपल्या कानांवरून गेलेली असतात. दातातही खडा होतो हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ठाऊक नव्हते. आईची दाढ ठणकू लागली म्हणून तिला दंतवैद्यांकडे नेले, तेव्हा क्ष-किरण चित्रात शेजारशेजारच्या दोन दाढांच्या पोटात पांढरट ठिपके दिसले. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी विचारून आणि वाचून जे उमगले ते येथे मांडतो.

हिरड्यांलगत दातांवर जे पिवळट कीटण साचते, ते हे नव्हे. ते बाहेरचे, लाळेतील क्षारांनी घट्ट झालेले. आपला खडा दाताच्या गाभ्यात असतो. दाताचे वरचे कवच एनॅमलचे, त्याखाली डेन्टिनचा जाड थर, आणि अगदी आत दंतमज्जा. ही मज्जा मऊ व जिवंत असते. मुळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून रक्तवाहिन्या व मज्जातंतू तिच्यात येतात. तिच्या कडेच्या पेशी जन्मभर थोडेथोडे डेन्टिन तयार करीत राहतात. म्हणून वयपरत्वे ही आतली खोली आकसत जाते.

ह्याच मज्जेत कधी कधी कॅल्शियमचे क्षार साठतात. एखाद्या मृत पेशीभोवती वा तंतूभोवती थरावर थर चढत जातात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. बहुतेक खडे असेच बनतात. खऱ्या डेन्टिनचे खडे विरळा. मुळांच्या नळ्यांत मात्र खड्याऐवजी रक्तवाहिन्यांच्या कडेने क्षारांची बारीक भुकटी पसरलेली आढळते. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून लहान खडा क्ष-किरण चित्रात सहसा दिसतच नाही. तेव्हा चित्रात दिसतात त्याहून खडे अधिक असणार हे उघड आहे.

कारणे? वाढते वय, जुनी कीड, खोलवर भरलेली चांदी, दाताला बसलेला मार. दीर्घकाळ त्रास झाला की मज्जा अशी प्रतिक्रिया देते. पण हिरडीबाहेर न आलेल्या दातांतही खडे सापडले आहेत, म्हणजे सगळा दोष किडीवर ढकलता येत नाही. दूध जास्त प्यायल्याने दातात खडा होतो, ही आमच्या शेजारच्या काकूंची उपपत्ती. तिला आधार नाही.

आईने सरळ सांगितले, "दोन्ही दाढा काढून टाका, डॉक्टर. खडा म्हटला की तो दुखणारच." डॉक्टर म्हणाले, "काकू, दुखते आहे ते किडीमुळे. खडा बिचारा गप्प बसला आहे." खड्यामुळे ठणका लागतो ही समजूत जुनी आहे, परंतु बहुतेक खडे आयुष्यभर मुकेच राहतात व त्यांवर उपचाराची गरज नसते. किडलेल्या दाढेचे रूट कॅनॉल करायचे ठरले, आणि तेथे मात्र खड्याने आपले अस्तित्व जाणवून दिले! दाढेतील नळ्यांची तोंडे त्याने झाकली होती. बळजबरीने कोरावे तर दाढेच्या तळाला भोक पडण्याचे भय. श्राव्यातीत ध्वनिलहरींवर चालणाऱ्या बारीक टोकाने डॉक्टरांनी तो हळूहळू मोकळा केला. दोन खेपांचे काम चार खेपांवर गेले.

पटाशीच्या दाताला मार बसल्यावर वेगळाच प्रकार होतो. काही महिन्यांनी वा वर्षांनी मज्जेची जागा डेन्टिनने बुजत जाते आणि दात पिवळसर दिसू लागतो. असे पुष्कळ दात न दुखता टिकतात. म्हणून रंग बदलला एवढ्यावरून लगेच रूट कॅनॉल करीत नाहीत, अधूनमधून चित्र काढून पाहतात.

दातातल्या खड्यांचा मूतखड्याशी किंवा हृदयविकाराशी संबंध आहे काय, हाही प्रश्न अभ्यासकांनी तपासला आहे. निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत; तेव्हा दातातल्या ठिपक्यावरून हृदयाची कुंडली मांडण्यात अर्थ नाही.

आईची शेजारची दाढ डॉक्टरांनी काढली नाही. तिच्यातला खडा जागच्या जागी आहे, आणि आई त्याच बाजूने सुपारी चावते.