एस्प्रेसो मार्टिनी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्होडका, कॉफी लिकर, ताजी एस्प्रेसो आणि साखरेचा पाक बर्फासोबत जोरात हलवून, गाळून, वर तीन कॉफीबिया ठेवल्या की एस्प्रेसो मार्टिनी तयार होते. रात्रपाळी आणि कॉफी दोन्ही अंगवळणी पडलेल्या हिंजवडीसारख्या आयटी वसाहतीत या पेयाचे आकर्षण सहज समजते. त्याच्याविषयीचे समज मात्र बरेचसे चुकीचे आहेत.

पहिला समज नावावरून होतो: हे इटालियन पेय आहे आणि मार्टिनीचा एक प्रकार आहे. दोन्ही खरे नाही. मार्टिनीत जिन आणि व्हर्माऊथ असते, यात दोहोंपैकी काहीच नाही. या पेयाचा जन्म १९८०च्या दशकात लंडनच्या सोहो भागात झाला आणि जनक होता इंग्रज बारटेंडर डिक ब्रॅडसेल. सुरुवातीला ते ‘व्होडका एस्प्रेसो’ म्हणून बर्फावर ओतून दिले जाई. पुढे १९९०च्या दशकात निमुळत्या मार्टिनी ग्लासातून येणाऱ्या कोणत्याही पेयाला मार्टिनी म्हणण्याची लाट आली आणि हे नाव चिकटले. १९९८ साली चित्रकार डेमियन हर्स्टच्या ‘फार्मसी’ या उपाहारगृहासाठी ब्रॅडसेलने हेच पेय ‘फार्मास्युटिकल स्टिम्युलंट’ या नावाने दिले.

जन्मकथेलाही बऱ्याच फांद्या फुटल्या आहेत. एका तरुण मॉडेलने ब्रॅडसेलकडे आधी जागे करणारे आणि मग झिंगवणारे काहीतरी मागितले, कॉफीचे यंत्र शेजारीच होते, असे तो सांगे. ही मॉडेल नाओमी कॅम्पबेल किंवा केट मॉस होती, असे बिनदिक्कत सांगितले जाते. ब्रॅडसेलने तिचे नाव उघड केले नाही. प्रसंगाचे सर्वाधिक सांगितले जाणारे साल १९८३ धरले, तर कॅम्पबेल तेव्हा १३ वर्षांची आणि मॉस ९ वर्षांची असणार. साधी वजाबाकी कथा निकालात काढते.

वरच्या दाट फेसाला अंडे किंवा साय लागते, हाही गैरसमजच. एस्प्रेसो सुमारे ९ बार दाबाखाली काढली जाते. त्यामुळे बियांतली तेले, प्रथिने आणि कार्बन डायऑक्साइड कॉफीत उतरतात आणि जोरात हलवल्यावर दाट फेस येतो. शिळी एस्प्रेसो किंवा झटपट कॉफी वापरली की फेस पातळ पडतो, मग दोष बारटेंडरच्या हाताला देण्यात अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या प्रमाण कृतीत ५० मिलि व्होडका, ३० मिलि काहलुआ, १० मिलि पाक आणि एक कडक एस्प्रेसो आहे. काहलुआ ही मेक्सिकोची कॉफी लिकर १९३६पासूनची, म्हणजे कॉकटेलपेक्षा जुनी.

नवी फॅशन म्हणून याकडे पाहणेही बरोबर नाही. १९९०च्या दशकात ते गाजले, नंतर मागे पडले आणि २०२०नंतर अमेरिकेसह अनेक देशांत पुन्हा मागणीत आले. एस्प्रेसोचे यंत्र आता अनेक बारमध्ये असते, कडू-गोड चव पहिल्या घोटातच ओळखीची वाटते आणि पेय फोटोत देखणे दिसते. भारतात १९९६ साली बेंगळुरूत पहिले कॅफे कॉफी डे उघडल्यावर वाढलेल्या पिढीला एस्प्रेसोची नव्याने ओळख करून द्यावी लागली नाही.

सर्वांत घातक समज म्हणजे कॉफीमुळे मद्याची नशा उतरते. मद्याचे विघटन यकृत आपल्या गतीने करते आणि कॅफिनने ती गती वाढत नाही. कॅफिन फक्त झोप आणि सुस्ती झाकते. माणूस स्वतःला शुद्धीत समजतो, पण रक्तातले मद्य तेवढेच राहते आणि निर्णयशक्तीही मंदच असते. याच कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१०मध्ये कॅफिनयुक्त मद्यपेये बनवणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला. एका एस्प्रेसोतले साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन निम्मे व्हायला पाचेक तास लागतात, म्हणून रात्री उशिरा घेतलेला ग्लास झोपही पळवतो.

एकवीस पूर्ण झाले की बारमध्ये काहीही मागवता येते, असे नव्याने नोकरीला लागलेल्यांना वाटते. महाराष्ट्रात ती सवलत सौम्य बीअर आणि वाइनपुरती आहे. व्होडकासारख्या मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५नुसार रक्तातील मद्य १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असताना वाहन चालवल्यास पहिल्याच गुन्ह्यात १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, मग त्या ग्लासात कॉफी कितीही कडक असो.