पाच मिलिमीटरचा फरक

नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर विजयंता रणगाड्याच्या नळीकडे नीट बघा. तिचा कॅलिबर, म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास, 105 मिमी. रशियन टी-55ची मूळ तोफ 100 मिमीची. फरक अवघा पाच मिलिमीटरचा, पण एकीचा गोळा दुसरीला चालत नाही. मग एकाच सैन्याला दोन प्रकारच्या गोळ्यांचे साठे सांभाळत बसावे लागते. भारताने पुढे टी-55वरही 105 मिमीची तोफ चढवली.

नुसती नळी बदलून भागत नाही. काडतुसाचे बूड धरणारा ब्रीच बदलतो, गोळे ठेवायचे कप्पे बदलतात, आणि नेमाच्या खुणाही. गोळ्याचा वेग वेगळा असला की त्याची वाटही वेगळी. जुन्या खुणांवर नेम धरला तर तो चुकणारच. ब्रिटिशांनी 105ची एल-7 तोफ आखतानाच हुशारी केली होती. सेंच्युरियन रणगाड्यावरच्या जुन्या 20 पौंडी तोफेच्या जागी ती बसेल, अशी त्यांनी ती बेतली. खरी कारागिरी मला इथे दिसते.

नंतरच्या अर्जुन रणगाड्याची नळी तर 120 मिमीची. 22 सप्टेंबर 2020 रोजी नगरच्याच के. के. रेंजवर तिच्यातून लेझर-मार्गदर्शित क्षेपणास्त्र सुटले आणि तीन किलोमीटरवरच्या लक्ष्यावर अचूक बसले.