धुळीचें रसायन

वैशाखाच्या दुपारीं सोलापुरांत वावटळ उठली म्हणजे घरोघरीं खिडक्या लावण्याची एकच धांदल उडते. वारा शमला कीं केरसुणी निघते, आणि धूळ म्हणजे केवळ झाडून टाकण्याची वस्तु, असें समजून आपण कामास लागतों. शाळेंत मींही अनेक वर्षें तसेंच शिकविलें. परंतु तें अर्धेंच सत्य होय. हवेंत उडालेली धूळ वाटेंत भेटणाऱ्या वायूंशीं संयोग पावते. ती निघते एक आणि पोंचते निराळीच.

याचें मूळ आपल्या शेतांतच पाहावयास मिळतें. सोलापूरकडील काळ्या जमिनींत चुनखडीचे पांढरे खडे सांपडतात. अशा खड्यावर लिंबू पिळून पाहा, बुडबुडे येतील. अम्ल व चुनखडी यांची गांठ पडल्याची ती खूण. वावटळींतील बारीक कणांतही चुनखडी असते, आणि हवेंत अम्लांचा तोटा नाहीं. दगडी कोळसा जळला म्हणजे गंधकाचा वायु निघतो, मोटारींच्या एंजिनांतून नत्राचे वायु निघतात. त्यांपासून हवेंत गंधकाम्ल व नत्राम्ल तयार होतें.

गंधकाम्ल चुनखडीस मिळालें कीं जिप्सम होतें. शाळेंतील खडू पुष्कळदां याचाच असतो. नत्राम्ल मिळालें कीं जो क्षार होतो, तो मात्र पाण्याचा मोठा लोभी. चुनखडीचा कण कोरडा राहतो. हा क्षार बऱ्याच कोरड्या हवेंतही बाष्प ओढून घेतो व पावसाळ्यांतील मिठाप्रमाणें पाझरतो. ओल्या झालेल्या कणावर आणखी वायु सहज चिकटतात.

प्रवास लांबचा असला तर हा फेरफार वाढतो. २०२२ च्या जानेवारींत पाकिस्तानकडे उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून २३ तारखेस मुंबई-पुण्यावर आली, आणि मोटारींच्या काचांवर पांढरट थर बसला. अशा धुळीस समुद्रावर मीठ भेटतें, शहरावर धूर भेटतो. म्हणून दोन दिवसांची धूळ वजनांत सारखी भरली, तरी गुणांत सारखी असेलच असें नाहीं.

याचा पहिला परिणाम पावसावर. युरोप-अमेरिकेंत धुरामुळें पाऊस आंबट होऊन तळीं व अरण्यें बिघडलीं. भारतांत पुष्कळ ठिकाणीं तसें झालें नाहीं, याचें एक मोठें कारण धुळींतील चुनखडी. तिनें अम्ल मारलें.

दुसरा परिणाम ढगांवर. ढगांतील थेंब कणाभोंवतींच धरतो, आणि कण जलाकर्षक असला तर तें काम सुलभ होतें. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असलेल्या आपल्या जिल्ह्यास हें महत्त्वाचें आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१८ व २०१९ या पावसाळ्यांत सोलापुरास विमानांचे प्रयोग केले. २७६ ढग निवडले. कांहींत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, कांहीं तसेच राखले. हाही जलाकर्षक असा चुन्याचाच क्षार. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वाऱ्याच्या दिशेच्या भागांत सुमारें १८ टक्के अधिक पाऊस नोंदला आहे. मात्र यावरून वावटळ पाऊस आणते असें कोणीं समजूं नये. कण फार झाले तर थेंब लहानच राहतात व खालीं पडत नाहींत.

आणि अम्ल मारलें म्हणजे हवा निर्मळ झाली, असेंही नव्हे. तें कणावरच बसलेलें असतें, आणि बारीक कण श्वासावाटें छातींत उतरतो. यास्तव वावटळीच्या वेळीं मुलांस व दमेकऱ्यांस घरांत ठेवावें, पिण्याचें पाणी झांकावें, आणि मागाहून कोरडी केरसुणी न फिरवितां ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें. केरसुणीनें तीच धूळ पुन्हां हवेंत जाते, आणि आतां ती नुसती माती राहिलेली नसते.