उसना श्वास

गेल्या वैशाखातली गोष्ट. बसव जयंती चार दिवसांवर आली होती. गल्लीतल्या कार्यक्रमात गायचे म्हणून मी बसवण्णांच्या एका वचनाचा रियाज करत होते. गाणे शिकवण्यात तीस वर्षे गेली, तेव्हा तयारीची फारशी काळजी नव्हती. इतक्यात सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचे माहेर धारवाडचे. म्हणाली, "अत्ती, इल्ली याक निल्लतीरी? 'कूडलसंग' म्हणता, श्वास घेता, मग 'मदेवा' म्हणता. असं कुणी बोलतं का?"

खरे सांगते, मला राग आला. गाणे मला शिकवणार का ही, असेच मनात आले.

पण तिने माझे गाणे मोबाइलवर टिपून ठेवले होते. रात्री सगळे निजल्यावर ते ऐकले. सूर जागच्या जागी होते, ताल बरोबर होता आणि तरीही तिचे म्हणणे खरे होते. कृष्णा आणि मलप्रभा जिथे एकमेकींना भेटतात, तिथल्या देवाचे ते नाव. मी नेमके त्या संगमाचेच दोन तुकडे करत होते!

हा श्वास आला कुठून? आठवत गेले तेव्हा उमगले. आमच्या गुरुजींना उतारवयात दमा होता. लांब ओळ पुरी होत नसे, ते मध्येच थांबत. आम्ही मुलींनी तो थांबाही गाण्याचाच भाग समजून उचलला. त्यांची जी अडचण होती, ती माझी सवय झाली. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या मुलींना तेच वचन म्हणायला लावले. सहाही जणी 'संग'वर थांबल्या. दमा एकीलाही नव्हता.

मला कुमार गंधर्वांची आठवण झाली. आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गायचा. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्याचे शिक्षण झाले. क्षयाने गाठल्यावर १९४८ साली कुमारजी देवासला गेले आणि काही वर्षे त्यांचे गाणे बंदच राहिले. त्या सक्तीच्या मौनात माळव्याची लोकगीते ऐकत त्यांनी गाण्याचा मुळापासून विचार केला. पुन्हा गायला लागले तेव्हा त्यांच्या गाण्यात कुणाची नक्कल उरली नव्हती. अधू फुफ्फुसाला झेपतील अशा छोट्या, धारदार स्वरवाक्यांतून त्यांनी स्वतःची गायकी उभी केली. त्यांनी आपल्या श्वासाची मर्यादा ओळखली. मी मात्र दुसऱ्याच्या श्वासावर तीस वर्षे गात राहिले.

आता आठवड्यातून एकदा मी स्वतःचे गाणे टिपते. लगेच ऐकत नाही, कारण तेव्हा कान आपलीच बाजू घेतात. दोन दिवसांनी वही घेऊन बसते. जिथे थांबले तिथे खूण करते आणि विचारते, हा थांबा शब्दाचा, माझ्या दमाचा की नुसत्या सवयीचा? मुलींनाही घडलेले सगळे सांगितले. सांगताना गुरुजींचा मान कमी होईल अशी भीती वाटत होती. तसे झाले नाही. त्यांनी दिलेले सूर जपायचे, दमा तेवढा सोडून द्यायचा, एवढेच.

बसव जयंतीला मी ओळीच्या आधीच पुरता श्वास घेतला आणि नाव अखंड म्हटले. घरी येताना सूनबाई म्हणाली, "ईग सरी आत नोड्री."

वहीत अजून बऱ्याच खुणा बाकी आहेत.