आनंदवनाची वाढ

कुष्ठरोगी औषधाने बरा होतो; पण बरा झाल्यावर त्याने जावे कोठे? हा प्रश्न वैद्यकाचा नसून समाजाचा आहे. सल्फोन औषधांनी या रोगाचे जंतू आटोक्यात येऊ लागले, आणि १९८१ पासून रूढ झालेल्या बहुविध औषधोपचाराने तो ठरावीक मुदतीत पुरता बरा होतो. तथापि मज्जातंतूंची झालेली हानी औषधाने सहसा भरून येत नाही. बधिर हाताला चटका कळत नाही; जखमा चिघळतात, बोटे आखडतात आणि झिजतात. रोग जातो, अपंगत्व राहते. आणि ते पाहून घराचे दार मिटते.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारीच उभे राहिले. आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूरच्या बाजूने पैनगंगा व पुढे वर्धा ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा लागते. तेथे वकिली करणारे मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापिली. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. सरकारने दिलेली पन्नास एकर खडकाळ जमीन आणि सहा रुग्ण, एवढेच भांडवल होते. बाबा व साधनाताईंसह त्या रुग्णांनी विहीर खणली, शेत केले.

भाजीपाला पिकला, परंतु तो विकत घेण्यास लोक धजेनात. पुढे त्याच दशकात परदेशी स्वयंसेवक येऊन तेथे राहिले, राबले, त्यांच्या हातचे जेवले. मग गावकऱ्यांची भीती ओसरली.

याहून मोठी गोष्ट १९६४ ची. या वसाहतीने महाविद्यालय काढले, तेही निरोगी लोकांच्या मुलांसाठी! ज्यांना गावाने बाहेर घातले, त्यांनीच गावाला विद्यालय दिले. मागाहून १९६६ मध्ये अंधांची शाळा आली, १९८३ मध्ये मूकबधिरांची आली. विणकाम, सुतारकाम, शिवणकाम असे धंदे शिकविण्याची सोय झाली. संस्था वाढली ती देणग्यांवरच नव्हे. कालचा रुग्ण आज शिकविणारा, बांधणारा झाला, म्हणून ती वाढली. बाबा २००८ मध्ये व साधनाताई २०११ मध्ये गेल्या, तरी काम थांबले नाही, याचे कारणही हेच.

कायदाही हळूहळू या विचाराकडे आला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठमुक्तांना दिव्यांगांत स्थान दिले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये रद्द झाले. मात्र कायदा कोणाला पंगतीत बसवू शकत नाही. ते आपणच करावयाचे असते.

म्हणून आपल्या गावात कोणी अपंग असेल, तर त्याला काय द्यावे हे विचारण्यापूर्वी त्याला काय येते हे विचारावे. पहिल्या प्रश्नातून भिक्षा निघते, दुसऱ्यातून शेजार.